नवतप्यातली ठेस

नवतपा, म्हणजे मेअखेरचे ते नऊ रखरखीत दिवस, लागला की आमच्या अमरावतीत गिझरला सुट्टी मिळते. गच्चीवरची टाकी सकाळी नऊलाच इतकी तापते की नळाखाली हात धरवत नाही. या दिवसांत आम्ही आंघोळीचं पाणी तापवत नाही, निववतो. आदल्या संध्याकाळी बादल्या भरून न्हाणीघरात ठेवायच्या आणि सकाळी नळाच्या कढत पाण्यात ते गार पाणी मिसळायचं. बाहेरच्या माणसाला हे नऊ दिवस शिक्षा वाटतात. पुण्याची माझी एक मैत्रीण एकदा हौसेनं आली होती, तिसऱ्या दिवशी परतीचं तिकीट काढून मोकळी झाली. मला मात्र नवतपा आवडतो. हे मी चारचौघांत बोलत नाही, कारण लोक आधी हसतात आणि मग डोक्याला कांदा चोळायला सांगतात.

आज सकाळी पाणी मिसळून झाल्यावर मी सवयीनं बादलीत कोपर बुडवलं. पाणी सोसवेल इतपत कोमट आहे का, हे बोटांना नीट कळत नाही, कोपराला कळतं. दारातून जाताना यांनी पाहिलं आणि म्हणाले, "आता कोनाले न्हाऊ घालून राहिली तू?" कोपर तसंच पाण्यात ठेवून थोडा वेळ बसून राहिले. तेवढ्यात छातीत ते झालं. एक ठोका घाईनं आला, मग क्षणभर काहीच नाही, मग एक दणकट ठोका. मी पाण्यातून हात काढला, पुसला आणि आंघोळीला बसले. पाच वर्षांपूर्वी हेच झालं असतं तर मी पलंगावर आडवी होऊन मनातल्या मनात निरवानिरव करायला घेतली असती.

ते सुरू झालं पाच वर्षांपूर्वीच्या फेब्रुवारीत. मी शाळेत मराठी शिकवते. दहावीचे सराव पेपर चालू होते, घरी गठ्ठे आणत होते, झोप चार-पाच तासांची आणि चहाला तर गणतीच नव्हती. एका दुपारी फळ्यावर लिहिता लिहिता छातीत काहीतरी एकदम थांबलं. मग आतून कुणी दारावर थाप मारावी तसा एक ठोका. खडू हातातच राहिला. पोरं वह्यांत डोकं घालून बसली होती, कुणाला काही कळलं नाही. मी वाक्य पुरं केलं, खुर्चीवर बसले आणि उरलेला तास स्वतःची नाडी धरून काढला.

डॉक्टर तरुण होते, बोलायला मोकळे. त्यांनी छातीचा आलेख काढला, सोनोग्राफीसारख्या यंत्रावर हृदय दाखवलं, रक्त तपासलं, थायरॉइड पाहिलं, आणि एक दिवस-रात्र छातीला तारा लावून एक छोटं यंत्र कमरेला बांधून ठेवलं. मग सगळे कागद समोर घेऊन म्हणाले, "मॅडम, तुमचा ठोका चुकत नाहीये. एखादा ठोका वेळेच्या जरा आधी येतो. मग पुढच्या ठोक्याआधी हृदय थोडं थांबतं. ते थांबणं तुम्हाला जाणवतं, आणि त्यानंतरचा ठोका जोरात येतो म्हणून तुम्ही घाबरता. हृदय तुमचं उत्तम आहे. चहा कमी करा, झोपा, पाणी प्या. चक्कर येऊन पडलात, छातीत दुखलं, चालताना दम लागला, तर लगेच या. नाहीतर याच्याकडे लक्ष देऊ नका."

लक्ष देऊ नका, हे सांगणं सोपं आहे. वीस-बावीस वर्षं मी पोरांना शिकवत आले होते, 'काळजाचा ठोका चुकणे, म्हणजे अतिशय घाबरणे. वाक्यात उपयोग करा.' पोरं दरवर्षी तेच लिहायची, साप पाहून रामूच्या काळजाचा ठोका चुकला. त्या रामूचं बरं होतं. त्याला आधी साप दिसायचा आणि मग ठोका चुकायचा. माझा ठोका आधी चुकायचा आणि मग मी साप शोधत बसायची.

साप शोधण्यासाठी मी एक वही घातली. शंभर पानी, चार रकाने आखलेली. वेळ, काय खाल्लं, काय करत होते, कुठे होते. पहिल्या आठवड्यात चहा सापडला, तो खराच होता. दुसऱ्या आठवड्यात जागरण सापडलं, तेही खरं. तिथं थांबायला हवं होतं. पण मास्तरकीच्या सवयीनं मी प्रत्येक ठोक्याला कारण लावत गेले. मिरचीचा ठेचा, वांग्याचं भरीत, डाव्या कुशीवर झोपणं, शाळेचा जिना, थंड पाणी, गरम पाणी, अकोल्याहून आलेला विहीणबाईंचा फोन. जे वहीत आलं ते मी सोडत गेले. ठेचा सोडला, भरीत सोडलं, डावी कूस सोडली, पहिल्या मजल्यावरचा वर्ग बदलून खालचा मागितला. हे मागून वहीत डोकावत आणि विचारत, "माहं नाव कधी येनार यात?" त्यांना सांगितलं नाही, पण ते दोनदा येऊन गेलं होतं. आणि एका पानावर तिसऱ्या रकान्यात मी लिहिलं होतं, काहीच करत नव्हते, नुसती बसले होते. आता नुसतं बसणंही सोडायचं की काय, असा प्रश्न पडला होता. आज हसू येतं. तेव्हा अजिबात आलं नाही.

भेटायला येणाऱ्या प्रत्येकाचं निदान तयार असायचं. आमच्या वऱ्हाडात छातीपासून टाचेपर्यंत काहीही होवो, पहिलं उत्तर गॅस. "गॅस असन, ओवा खा." ओवा खाऊन खाऊन तोंड कडू झालं, पण ठोक्याला त्याचं काही नव्हतं.

आणि त्याच उन्हाळ्यात ऋतुजाचं बाळंतपण होतं. ऋतुजा आमची एकुलती एक, दिलेली अकोल्याला. मे महिन्यातले दिवस. पहिलं बाळंतपण माहेरी, हे आमच्याकडे कुणी ठरवत नाही, ते ठरलेलंच असतं. माझी आई होती तेव्हा तिनं माझं केलं. आता माझी पाळी. आणि मला त्या पाळीची भीती वाटत होती. साधी नाही, अंगावर काटा आणणारी. लेकराला हातात घेतलं असताना ठोका थांबला आणि यावेळी पुढचा आलाच नाही तर? मी पडेन ते पडेन, माझ्या हातातलं ते? डॉक्टरांनी सांगितलेलं सगळं मला तोंडपाठ होतं. पाठ असणं आणि पटणं यातला फरक मी वर्गात रोज पाहते, त्या दिवसांत स्वतःत पाहिला.

तेवढ्यात विहीणबाईंचा फोन आला. चांगल्या मनाची बाई. म्हणाल्या, "तुमची तब्येत बरी नाही म्हनते ऋतुजा. मंग बाळंतपन आमीच करतो न अकोल्याले. दवाखाना गल्लीच्या तोंडाशीच हाये. तुमी फक्त बारशाले या." मी तोंडदेखलं दोनदा नाही म्हटलं आणि तिसऱ्यांदा गप्प बसले. फोन ठेवला तेव्हा मला सुटल्यासारखं वाटलं. त्या सुटकेची आजही लाज वाटते.

संध्याकाळी ऋतुजाचा फोन.

"आई, तू हो म्हटलं त्यायले?"

"हो असं नाही म्हटलं. त्याच म्हनत होत्या, दवाखाना जवळ आहे म्हणून."

"म्हंजे हो म्हटलं."

तिनं फोन ठेवला. चार दिवसांनी पॅसेंजरनं बडनेऱ्याला उतरून, एक हात कमरेवर आणि एका हातात पिशवी अशी ती दारात उभी राहिली. मोठी बॅग जावईबापू मागून आणत होते. "मी आली," ती म्हणाली, "सासूबाईले नीट सांगून आली. त्या रागावल्या नाहीत." आणि स्वयंपाकघरात जाऊन माठातलं पाणी घेऊन प्यायली. लहानपणापासून ती अशीच आहे, भांडण करायचं सोडून सरळ काम उरकून टाकते.

त्या आठवड्यात एका दुपारी कूलरसमोर बसून ती आंबा खात होती. मी धीर केला. म्हटलं, "ऋतुजा, तुह्या लेकराले मी उचललं अन् तेवढ्यात मले काही झालं तं?"

तिनं कोय चोखत माझ्याकडे पाहिलं. "तं खाली बसून घेजो. बसल्यावर किती उंचावरून पडन लेकरू?"

मला राग आला आणि हसूही आलं. पण त्यावर मी एक नियम करून टाकला. लेकराला उभ्यानं घ्यायचंच नाही. पलंगाच्या मधोमध बसायचं, मांडीवर उशी ठेवायची, खोलीत दुसरं कुणी असलं तरच घ्यायचं. सई झाली, सगळं सुरळीत झालं, आणि घरात सगळे तिच्याभोवती नाचत असताना तिची आजी अशी उशी शोधत फिरत होती. लोकांना वाटलं, किती जपते बाई. मला तेवढंच पुरे होतं.

सईची नाळ पडली आणि आंघोळीचा प्रश्न आला. पायावर घेऊन आंघोळ घालणं माझ्याच्यानं होणार नव्हतं. शेजारणीनं पंचफुलाबाईंचं नाव सांगितलं. नांदगाव पेठच्या, साठीच्या पुढच्या, अंगानं काटक. मुलगा तिकडच्या कपड्याच्या कारखान्यात कामाला. सकाळी सामायिक ऑटोनं आठच्या आत हजर. दारातून "जयभीम ताई" म्हणायच्या, चपला सावलीत सरकवून ठेवायच्या, म्हणजे जाताना पाय भाजू नयेत, आणि थेट न्हाणीघरात. पहिल्याच सकाळी लुगडं गुडघ्यावर खोचून त्या पाटावर बसल्या, पाय लांब केले, टाचा जुळवल्या आणि म्हणाल्या, "द्या पोट्टी इकडं."

त्या हातांचं कौतुक मी कितीही केलं तरी अपुरंच. लांब, हडकुळी बोटं, कामानं जाड झालेली, पण लेकराच्या अंगावर फिरताना कुठं दाबायचं आणि कुठं नुसतं टेकायचं हे त्यांना वेगळं शोधावं लागत नसे. मांडीपासून टाचेपर्यंत, खांद्यापासून बोटांच्या टोकापर्यंत, पाठ दोन बाजूंनी उघडत जायची. बाळांच्या डॉक्टरबाईंनी नाका-कानात तेल घालू नका असं सांगितलं होतं. मला वाटलं, आता वाद होणार. पंचफुलाबाई म्हणाल्या, "डॉक्टरीनबाईनं सांगतलं का? मंग नाई टाकत. त्यायचं वाचून झालं हाये." आयुष्यभराची सवय एका वाक्यात सोडून दिली. माझ्या ओळखीतले शिकलेले लोक, मी धरून, इतक्या सहज काही सोडत नाहीत.

माझं काम गडवा देण्याचं. आमच्याकडे तांब्याला गडवा म्हणतात. एका हातानं त्या लेकराला धरून ठेवणार, दुसऱ्या हातानं पाणी घालणार. हातातला गडवा रिकामा व्हायच्या आत मी दुसरा भरून त्यांच्या हातात द्यायचा आणि रिकामा घ्यायचा. एकूण दोन गडवे, एक बादली, आणि त्यांच्या शेजारी उकिडवी मी. पहिल्या दिवशी पोरगी चक्क शांत होती, डोळे किलकिले करून पाण्याचा आवाज ऐकत होती. तेवढ्यात मला ते झालं. घाई, मग पोकळी. माझा हात आपोआप छातीकडे गेला आणि भरलेला गडवा बादलीतच राहिला. धार तुटली. दुसऱ्या क्षणाला सईनं असा टाहो फोडला की ऋतुजा आतून धावत आली. पंचफुलाबाईंनी स्वतः वाकून गडवा उचलला, पाणी घातलं, पोरगी हळूहळू निवली. टॉवेलात गुंडाळताना त्यांनी फक्त एकदा माझ्या तोंडाकडे पाहिलं.

दुसऱ्या दिवशी सुरू करायच्या आधी त्यांनी मला समजावलं. आवाजात शिकवल्याचा भाव नव्हता. "ताई, पोट्टं पान्यानं नाई रडत. पानी थांबलं का रडते. धार चालू असली का त्याले वाटते कोनी हाये. थांबली का दचकते. म्हून गडवा माह्या हातात खाली होऊ देऊ नोका. थोडं सांडलं तं सांडू द्या." मी मान हलवली. बावीस वर्षं पोरांसमोर उभी राहिलेली बाई, आणि ही एवढी गोष्ट मला कुणी सांगितली नव्हती. त्या दिवशी मी गडवा वेळेवर दिला. त्याच्या दुसऱ्या दिवशीही. छातीत काय होतंय ते पाहायला मला सवडच नव्हती, इतका जीव त्या दोन गडव्यांत गुंतला होता.

नवतपा लागला त्याच्या दुसऱ्या दिवसाची गोष्ट. सकाळी आठलाच झळा येत होत्या. तेल लावून झालं होतं, पहिले दोन गडवे अंगावरून गेले होते. पंचफुलाबाई मध्येच किंचित खोकल्या, ओठ मिटले आणि पुन्हा सैल केले. हात चालूच होता. मी विचारलं, "काय झालं?"

"काई नाई, ठेस लागली."

मी त्यांच्या पायाकडे पाहिलं. पाय सरळ, टाचा जुळलेल्या, मध्ये सई. ठेस लागायला बाई चालत तरी कुठं होती? अंगठ्याला काही लागलंय का म्हणून मी वाकून पाहायला लागले.

"पायाले नाई वो ताई," त्या म्हणाल्या. "इथं." आणि दोन्ही हात गुंतलेले म्हणून हनुवटीनं आपल्या छातीकडे खूण केली. "काळीज चालता चालता ठेसते. मंग जरा थांबते, अन् मंग धाडकन पाऊल टाकते. लय वर्सं झाले. गडवा द्या."

मी गडवा दिला. पण खरं सांगायचं तर त्या क्षणी मला त्यांच्याबद्दल सहानुभूती वगैरे काही वाटली नाही. माझ्या नातीला पायावर घेऊन बसलेली बाई, आणि तिचं काळीजही असलं! उद्यापासून यांना नको म्हणायचं, हेच पहिलं मनात आलं. ज्या भीतीनं मी स्वतःला लेकरापासून दूर ठेवलं होतं, तीच मी आता त्यांना लावत होते. सई मात्र त्यांच्या पायांवर डोळे मिटून पडली होती. काळीज ठेसलं त्या क्षणी पाण्याची धार तुटली नव्हती, हे मला पोरीच्या चेहऱ्याकडे पाहून कळलं. मग मला माझीच शरम वाटली.

चहा घेताना, माझा अर्धा कप आणि त्यांचा पूर्ण, मी विचारलं, "दाखवलं का कोणाले?"

"दाखवलं नाई तं काय? दोनदा. एकदा माह्या ऑपरेशनच्या वक्ती, सरकारी दवाखान्यात. एकदा गावात डॉक्टर आले होते तवा. कागद काढला लंबा. म्हने, बाई, तुमचं काळीज मजबूत हाये, फक्त मधातच घाई करते."

"अन् मंग भीती नाही वाटत?"

त्यांनी बशीत चहा ओतला. "पयले वाटे. माहा मोठा पोरगा पोटात होता तवा पयल्यांदा झालं. वाटे, मेली आता. वावरात गवत निंदाले जाओ तं मधातच बसून घेओ. मंग सासू म्हने, बसली कावून? सांगावं काय? मंग ठेसलं तरी निंदत राहाओ. निंदता निंदता पाह्यलं, ते आपल्या आपन चालाले लागते. मी बसली तरी चालते, नाई बसली तरी चालते. मंग कावून बसा?"

ठेस. मी त्या दिवशी कितीतरी वेळ तो शब्द तोंडात घोळवत होते. डॉक्टरांच्या कागदावर एक लांबलचक इंग्रजी नाव होतं, ते वाचलं की मला आणखी दोन ठोके घाईनं यायचे. आमच्या पुस्तकातला 'ठोका चुकणे' हा शब्दप्रयोग तर चुकीचाच निघाला होता, डॉक्टरांनीच सांगितलं होतं की चुकत काहीच नाही. आणि भाषा शिकवून पोट भरणाऱ्या मला जो शब्द सापडला नाही, तो या बाईनं कुठल्याशा वावरात निंदताना आपल्यापुरता शोधून ठेवला होता. ठेस लागते ती चालणाऱ्याला. पाऊल अडखळतं, क्षणभर तोल जातो, आणि पुढचं पाऊल जोरात पडतं. डॉक्टरांनी मला अगदी हेच सांगितलं होतं. पण ते कळलं मला पंचफुलाबाईंकडून, ते का, हे आजही नीट सांगता येत नाही. कदाचित डॉक्टरांना ते माहीत होतं आणि पंचफुलाबाईंना ते होत होतं, एवढाच फरक असेल.

तरी मी त्यांना सोडलं नाही. माझी दाखवायची तारीख होती तेव्हा त्यांना सोबत घेऊन गेले. जुना कागद जुना झाला, एकदा नवा काढून घेऊ, म्हणून. त्या आढेवेढे न घेता आल्या. दवाखान्याच्या बाकावर आम्ही दोघी शेजारी बसलो, मी माझी वही घेऊन आणि त्या त्यांच्या नातीसाठी घेतलेल्या फुग्याच्या पाकिटासकट. डॉक्टर त्यांच्या छातीला नळी लावून ऐकत होते, आणि मी पाहिलं, पंचफुलाबाईंनी ओठ मिटले. डॉक्टरांनाही ती ठेस ऐकू आली असणार, कारण ते हसले. आलेख काढला, यंत्रावर पाहिलं. "तुमच्यासारखंच, मॅडम," ते मला म्हणाले. "काळजीचं काही नाही." पंचफुलाबाई खाटेवरून उतरत म्हणाल्या, "तेच तं सांगून राहिली होती मी यायले." मग डॉक्टरांनी माझी वही मागितली, पानं चाळली, आणि शेवटी हळूच म्हणाले, "यात चहा, जागरण आणि पाणी एवढं ठेवा. बाकीचं जेवा." त्या रात्री घरी भरीत झालं. मी डाव्या कुशीवर झोपले.

हे लिहिताना मला जाणवतं की मी त्या बाईंकडे कौतुकानंच पाहते आहे, आणि कौतुकात माणूस थोडं वाढवतो. म्हणून हेही सांगते. पंचफुलाबाईंना गुडघेदुखी होती, त्यावर त्या सारख्या कुरकुरत. सुनेबद्दल बोलायला लागल्या की थांबत नसत. आणि पावसाळ्यात वीज कडाडली की त्या लहान पोरीसारख्या घाबरत, हे मला पुढं कळलं. म्हणजे भीती त्यांना होतीच. काळजाच्या ठेसेला मात्र त्यांनी त्या यादीतून काढून टाकलं होतं. ते त्यांनी मनाचा हिय्या वगैरे करून केलं नव्हतं. हातात काम असताना त्यांचं तिकडे लक्षच जाईना, आणि असं होता होता एक दिवस ते उरलंच नाही. मला हेच फार मोठं वाटतं. काळीज तरी आणखी काय करतं? कुणी पाहो न पाहो, मध्ये अडखळलं तरी पुढचं पाऊल टाकतं. माझ्याच छातीत ते इतकी वर्षं चालत होतं आणि मी त्याच्यावर संशय घेण्यापलीकडे त्याच्याकडे कधी पाहिलं नव्हतं.

नवतप्याचा शेवटचा दिवस. पंचफुलाबाई आल्या, चपला सावलीत ठेवल्या, न्हाणीघरात गेल्या आणि पाटावर बसल्याच नाहीत. बादलीशेजारी, माझ्या जागी उकिडव्या बसल्या. मला वाटलं, गुडघे दुखत असतील.

"बसा ताई," त्या म्हणाल्या. "पाटावर."

"मी?"

"मंग कोन? बसा. पाय लंबे करा."

ऋतुजा सईला घेऊन दारात उभी होती. आपल्याला सोडून सगळ्यांना हे आधीच माहीत होतं, असं मला वाटलं, आणि ते खरंही असेल. मी साडी खोचली, बसले, टाचा जुळवल्या. सईला माझ्या पायांवर ठेवलं. महिन्याभराचं लेकरू, तेलानं निसरडं, गरम. तिचं वजन माझ्या नडग्यांवर आलं आणि मला इतकं रडू आलं की समोरचं दिसेना. उशीशिवाय मी तिला घेतलेली ती पहिली वेळ. पंचफुलाबाईंनी कोपर बुडवून पाणी पाहिलं आणि पहिला गडवा माझ्या हातात दिला.

मी पाणी घातलं. पाठीवर, मानेखाली, हळू. गडवा रिकामा होत आला की दुसरा हातात येत होता. तिसऱ्या का चौथ्या गडव्याला ती ठेस आली. घाई, आणि मग ती पोकळी, नेहमीपेक्षा लांब वाटणारी. माझी बोटं गडव्यावर घट्ट झाली. धार चालू होती. सईनं पापण्या हलवल्या, पण रडली नाही. मग आतून तो मोठा ठोका आला आणि सगळं पुन्हा आपल्या चालीनं चालायला लागलं.

पंचफुलाबाई माझ्या तोंडाकडेच पाहत होत्या. "लागली?"

"लागली."

"बरं. आता कान झाका पोट्टीचे, डोक्यावरून घ्यायचं हाये."

मी अंगठा आणि करंगळीनं सईचे कान झाकले, तळव्यावर तिचं डोकं तोललं आणि डोक्यावरून पाणी सोडलं. ऋतुजानं टॉवेल पुढं केला. मी पोरीला दोन्ही हातांनी उचललं, गुंडाळलं आणि तशीच उभी राहिले. उभी राहिले हे माझ्या नंतर लक्षात आलं.

पंचफुलाबाईंनी दोन्ही गडवे पालथे घातले, लुगडं सोडून सारखं केलं, आणि दारात चपला घालताना मागं न पाहता म्हणाल्या, "उद्या मले यायले उशीर होईन ताई. वाट पाहू नोका, तुमी सुरू करून घेजा."